नेच्याला फूल येत नाही

२० जून, विल्नियस

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि मी दिवा न लावता हे लिहितेय. सूर्य दहाच्या सुमाराला बुडाला, पण उजेड अजून उंबऱ्यात रेंगाळतोय. निघतो निघतो म्हणत दारात तासभर गप्पा मारणारे पाहुणे असतात ना, तसा. लिथुआनियात या दिवसांत दिवस सतरा तासांहून मोठा असतो, हे वाचून माहीत होतं. झोप मात्र वाचून येत नाही.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर एक वाक्य ठरलेलं: नेच्याला, म्हणजे फर्नला, फूल येत नाही. ज्याच्या आकृतीत फूल निघेल त्याचे मार्क गेलेच. मग भाचीचा मेसेज आला, 'मावशी, इकडे २३ जूनच्या रात्री लोक रानात नेच्याचं फूल शोधायला जातात. तू ये.' त्या दिवशी मी हसले. दुसऱ्या दिवशी पासपोर्टची मुदत बघितली.

भाची म्हणजे म्हापशाच्या धाकट्या बहिणीची मुलगी, काउनासला डॉक्टरकी शिकते. बहिणीला रजा नव्हती. मी निवृत्त आणि बिनलग्नाची, त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं. (हे बिनलग्नाचं प्रकरण पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.)

दुपारी इथल्या हाले बाजारात गेले. जुनी, मोठी मंडई. आत मांस, चीज, धुरावर वाळवलेले मासे. माझं काम बाहेर होतं. फूटपाथवर आज्या बसल्या होत्या, पुढ्यात स्ट्रॉबेरी, शेपू, मुळ्याच्या जुड्या आणि रानफुलांचे गुच्छ. गणपतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे पत्रीवाल्या बसतात त्याच थाटात. भाव विचारला की बोटं दाखवायची आणि घासाघीस न करणारं गिऱ्हाईक दिसलं की एक काडी आपणहून जास्तीची सरकवायची.

एक पिवळ्या फुलांची जुडी घेतली. पान उजेडाकडे धरल्यावर ओळख पटली. सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके. हायपेरिकम पर्फोरॅटम. ती भोकं नव्हेत, तेलाच्या ग्रंथी. मिटलेली कळी चिमटीत चुरडली तर पिवळ्या कळीतून लालभडक रस आला. पुस्तकात तीस वर्षं वाचलं होतं, बोटाला पहिल्यांदा लागलं. इथे हिला योनाझोले म्हणतात, योनासचं गवत. योनास म्हणजे संत जॉन, ज्याने येशूला बाप्तिस्मा दिला. त्याचा सण २४ जूनला येतो आणि लाल रस म्हणजे त्याचं रक्त असं ख्रिस्ती युरोपात सांगतात. आजीने खुणेने सांगितलं, चहा करून पी, मन हलकं होतं. भाचीला फोटो पाठवला तर उत्तर आलं, 'बीपीच्या गोळ्या घेतेस ना? मग नुसता वास घे.' या झाडाचं खरंच बऱ्याच औषधांशी पटत नाही.

२१ जून, काउनास

विल्नियस ते काउनास शंभरेक किलोमीटर. रेल्वेच्या खिडकीतून पांढऱ्या सालीच्या झाडांच्या रांगा धावत होत्या. भूर्ज! भूर्जपत्र म्हणून आपण ज्याच्या हिमालयातल्या भावावर पोथ्या लिहिल्या, तेच कूळ. लिथुआनियन नाव बेर्झास, आणि भाषातज्ज्ञ ते 'भूर्ज'च्याच मुळाचं धरतात.

भाचीच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर आहे. रोमन देवांना आणि सम्राटांना इथल्या महिन्यांनी दारातूनच परत पाठवलंय. जून म्हणजे बिर्झेलिस, भूर्जाचा महिना. जुलै म्हणजे लिएपा, लिंडन वृक्ष, जो तेव्हा फुलतो. ऑगस्ट राय नावाचं धान्य कापण्याचा, सप्टेंबर राय पेरण्याचा, नोव्हेंबर पानगळीचा. भिंतीवर महिने नाहीत, शेतकऱ्याची रोजनिशी टांगल्यासारखी वाटली.

भाषेवरून भाचीने मला आधीच दम दिला होता, "मावशी, 'लिथुआनियन म्हणजे संस्कृतच' असलं व्हॉट्सॲपवरचं इथे कुणाला ऐकवू नकोस." नाही ऐकवलं. दोन्ही एकाच दूरच्या पणजीच्या नाती, कुणी कुणाची लेक नव्हे. पण कान थोडेच बंद करता येतात! अग्नी तो उग्निस. धूर तो दूमाई, म्हणजे धूम. मध तो मेदुस. आणि ज्या सणासाठी आले त्याचं नाव रासोस. रसा म्हणजे दव, आपल्या 'रस'चं सख्खं भावंड. भाचीची घरमालकीण भाकरी कापता कापता म्हणाली, "द्येवास दावे दान्तिस, द्येवास दुओस दुओनोस." देवाने दात दिले, देव भाकरीही देईल. मी लगेच आपलं 'चोच दिली तो चाराही देईल' सांगितलं. भाचीने भाषांतर केल्यावर बाईंनी पक्ष्याची चोच हाताने करून दाखवली आणि तिथून आमचं जमलं.

या बाई सत्तरीला टेकलेल्या, संगीतशाळेतून निवृत्त झालेल्या. भाची त्यांना 'पोनिया' म्हणते, म्हणजे बाई, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. गेली कित्येक वर्षं रासोसला जातात. संध्याकाळी त्या आम्हाला काउनासच्या ओकच्या राईत घेऊन गेल्या. आझुओलिनास नावाची ही राई शहराच्या ऐन मध्यात आहे, शेकडो ओक, त्यांतले कित्येक दोन-तीन शतकं पाहिलेले. तिथे चालता चालता जे कळलं ते असं.

लिथुआनिया १३८७ साली ख्रिस्ती झाला, पश्चिमेकडचा झेमायतिया प्रांत तर १४१३ साली. युरोपात सगळ्यात शेवटी. जुन्या देवांपैकी पेर्कुनास मेघांचा आणि विजेचा, त्याचं झाड ओक. उत्तरायणाचा शेवटचा दिवस साजरा करण्याची रीत ख्रिस्ती धर्माने पुसली नाही, तिच्यावर संत जॉनचं नाव घातलं आणि सण योनिनेस झाला. आमच्याकडे ग्रामदेवतेला महादेवाची पिंड करून घेतात तसंच काहीसं. मग सोव्हिएत राजवट आली. तेव्हा १९६७ साली योनास त्रिंकुनास आणि विल्नियसमधल्या काही तरुणांनी केर्नावेच्या टेकड्यांवर हा सण 'रासोस' या नावाने पुन्हा भरवला. लोकगीतं गोळा करणारी ही मंडळी. पुढे १९७३ साली त्रिंकुनास यांची विद्यापीठातली नोकरी गेली. देश स्वतंत्र झाल्यावर १९९२ साली रोमुवा हा जुन्या देवांना मानणारा पंथ नोंदला गेला. त्याला सरकारमान्यता मिळायला मात्र बरीच वर्षं गेली. संसदेने २०१९ साली नाकारली, २०२१ साली स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने देशाला दोषी धरलं आणि २०२४ च्या डिसेंबरात संसदेने मान्यता दिली.

"मी कॉलेजात होते तेव्हा पहिल्यांदा गेले," पोनिया म्हणाल्या. "घरी सांगितलं, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. परत आले तेव्हा केसांत गवत. आईने ओळखलं. पण तिला वाटलं, मुलगा आहे."

२२ जून, रुमशिश्केस

काउनासपासून जवळच, धरणाच्या पाण्याच्या काठी मोठं उघड्यावरचं संग्रहालय आहे. देशभरातली जुनी लाकडी घरं उचलून आणून इथे प्रांतवार गावं वसवली आहेत. घरं छान आहेत, पण दोन-तीन बघितल्यावर मला सगळी सारखीच दिसायला लागली. माझा पाय अडला तो एका घरापुढच्या फुलबागेत. कुडाच्या कुंपणात पिओनी, लिली, पुदिना, आणि कोपऱ्यात गुडघाभर उंचीचं निळसर हिरव्या, कातरलेल्या पानांचं झुडूप.

आधी नाकाने ओळखलं, मग डोळ्यांनी. सताप!

आमच्या आजीच्या परसात विहिरीपाशी सताप होती. साप येत नाही म्हणून लावायची. पोरांना पडसं झालं की पान चुरून हुंगायला द्यायची, दृष्ट काढताना धुरीत टाकायची. माझ्या साताऱ्याच्या बाल्कनीत अजून एक कुंडी आहे. पाच हजारांहून जास्त किलोमीटर ओलांडून आले आणि दारात उभी कोण, तर ही. मी दोन डहाळ्या मोडल्या, पानं तळहातावर चोळली, वास घेतला, पुन्हा चोळली. भर उन्हात. वनस्पतिशास्त्राची शिक्षिका.

पोनियांनी सांगितलं, ही रूता, आमचं राष्ट्रीय फूल. लोकगीतांत कुमारिकेची बाग म्हणजे रूताची बाग. मुलीने ती निगुतीने वाढवायची, लग्नात डोक्यावर तिचाच मुकुट, आणि सासरी जाताना तो उतरवला जातो. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे रूता कोण लावतं?"

"मी लावते. बाल्कनीत."

भाचीने भाषांतर केलं आणि पोनिया अशा हसल्या की बाजूच्या घरातली चरख्यावर बसलेली बाई डोकावली. त्यांच्या भाषेत 'रूता पेरणं' म्हणजे बिनलग्नाचं राहणं! एखादी पोरगी तिशीकडे झुकली की मावश्या-काकू म्हणतात, अजून रूताच पेरत बसली आहे का? माझी कुंडी एकसष्टाव्या वर्षीही टवटवीत आहे, हेही मी सांगून टाकलं.

जेवायला शाल्तिबार्श्चियाय, म्हणजे बीट घातलेलं गुलाबी थंडगार ताक म्हणा ना. त्यात काकडी, शेपू, अंडं, आणि बरोबर वेगळ्या बशीत गरम बटाटे. शेपू न आवडणाऱ्याने या देशात येऊ नये. मग काळ्या रायच्या पावाची चकती. पोनियांनी पाव उलटा केला. तळाला लांबट पानांचे ठसे भाजले गेले होते, रेघा न् रेघा स्पष्ट. भट्टीत घालताना पाव पानांवर ठेवतात, कुठे मेपलच्या, कुठे कोबीच्या, आणि इथे आयेराय नावाच्या पानांवर. एक ताजं पान तिथे ठेवलेलं होतं. तलवारीसारखं, मोडल्यावर मसालेदार वास. पुन्हा तेच! हे वेखंड. बाळाच्या टाळूला लावायचं, बाळंतिणीच्या खोलीत असायचंच असायचं, ते वेखंड इथे पावाच्या बुडाशी.

आता माझ्यातली शिक्षिका जागी झाली. वेखंड मुळात युरोपचं नाहीच. आशियातून सोळाव्या शतकात तिकडे गेलं, आणि तिकडचं वेखंड वांझ आहे, बी धरत नाही. नुसत्या गड्ड्यांवर ओढ्याओढ्याने पसरलं. रूता भूमध्य सागराकडची. म्हणजे 'आदिम' लिथुआनियाच्या दोन लाडक्या वनस्पती बाहेरून आलेल्या सुना निघाल्या. मी हे जरा विजयी मुद्रेने सांगितलं. पोनियांनी पावाचा तुकडा तोडला आणि म्हणाल्या, "मग? सून घरची होत नाही?"

परतताना गाडीत त्यांनी एग्लेची गोष्ट सांगितली. एग्ले नावाची मुलगी पाण्यातल्या नागराजाशी लग्न करते, मुलंबाळं होतात, सुखी असते. माहेरी येते तेव्हा तिचे भाऊ मुलांना धमकावून नवऱ्याचं नाव काढून घेतात. तिन्ही मुलगे तोंड उघडत नाहीत, धाकटी मुलगी घाबरून बोलून जाते. भाऊ नागाला कोयत्यांनी मारतात. एग्ले मुलांची झाडं करते. मुलगे ओक, ॲश आणि भूर्ज, थरथरणारी मुलगी ऍस्पेन, आणि ती स्वतः स्प्रूस. ऍस्पेनची पानं वाऱ्याशिवायही का हलतात, त्याचं हे उत्तर. देठ चपटा असतो म्हणून हलतात, हे मी या वेळी बोलले नाही. नागपंचमीची गाणी म्हणत वाढलेल्या बाईला ही गोष्ट कुठल्या बाजूने लागते ते सांगायला नको. इथेही जुन्या काळी घरातल्या बिनविषारी सापाला दूध ठेवत.

२३ जून, केर्नावे

दुपारी तीनला पोनियांच्या जुन्या गाडीतून निघालो. केर्नावे विल्नियसच्या वायव्येला ३५ किलोमीटरवर, नेरिस नदीच्या उजव्या काठावर. पाच बुटक्या, माथा सपाट केलेल्या टेकड्या, पूर्वीचे लाकडी गड, आणि खाली नदीपर्यंत पसरलेलं कुरण. १३९० साली ट्यूटॉनिक नाइटांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या, स्वारीत गाव जळालं आणि पुढे खोऱ्यात कुणी वस्ती केली नाही. म्हणून सगळं मातीखाली टिकलं. २००४ पासून जागतिक वारसा आहे. टेकड्यांना लागूनच चर्च आहे. एकीकडे घंटा, एकीकडे यज्ञकुंड, आणि मध्ये वाहनतळावर भांडण. सगळं घरच्यासारखं.

अपेक्षाभंग सुरुवातीलाच झाला. जत्रा! बिअरचे तंबू, भाजलेलं मांस, प्लास्टिकच्या फुलांची मुंडावळ्यांसारखी चक्रं विकणारा माणूस, हजारो लोक, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पोनिया म्हणाल्या, "इकडे नाही. आधी फुलं." आणि आम्हाला दूर कुरणाच्या टोकाला घेऊन गेल्या.

सूर्य मावळायच्या आत वनस्पती गोळा करायच्या, याला कुपोलियावीमास म्हणतात. नऊ जातींच्या हव्यात. कुणी बारा म्हणतं. मुळासकट उपटायचं नाही, एका जागचं सगळं ओरबाडायचं नाही. हे नियम ऐकून मला हरतालिकेची पत्री आठवली, आणि आपल्या सोसायटीत त्या दिवशी तेरड्याचं काय होतं तेही आठवलं. मी डेझी, निळं कॉर्नफ्लॉवर, लाल क्लोव्हर, यारो, योनाझोले अशी गोळा करत गेले. सहावी आमच्या दवण्याची मावसबहीण, वास तसाच पण अंगाने धटिंगण. सातवी बेडस्ट्रॉ, मधासारख्या वासाची. उरलेल्या दोन मिळेनात. भाची ओरडली, "मावशी, गवताचं पातं पण चालतं, एवढी परीक्षा नको घेऊस." तिचं लक्ष फुलांपेक्षा माझ्या पायांकडे होतं. इथल्या गवतातल्या गोचिडी मेंदूज्वर पसरवतात, म्हणून तिने मला मोजे पँटवर ओढायला लावले होते. सगळे शुभ्र लिननमध्ये आणि मी भातलावणीला निघाल्यासारखी.

गजरा करणाऱ्या बाईला हे चक्र विणायला अवघड जाऊ नये, पण गेलं. आपण देठ दोऱ्यात अडकवतो. इथे दोरा नाही. तीन देठांची वेणी घालत जायची, प्रत्येक पेडाला नवीन फूल देठासकट आत घ्यायचं, आणि शेवटी टोक सुरुवातीत खोचायचं. माझं दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा पोनियांनी न बोलता हातातून काढून घेतलं, एका लांब गवताच्या काडीने चार वेढे दिले आणि डोक्यावर ठेवलं. बायकांची चक्रं फुलांची, पुरुषांची ओकच्या पानांची. योनास नावाच्या प्रत्येक माणसाला आज ओकचा मान, त्यामुळे ओकपानांच्या गोण्याच्या गोण्या फिरत होत्या.

मग पानाफुलांची कमान. तिच्यातून आत जाताना हातांवर पाणी घालतात. आत मैदानात उंच काठी, टोकाला फुलांचा तुरा आणि रंगीत फिती. ही कुपोले. तिच्याभोवती मुली फेर धरतात आणि तिला राखतात, मुलगे पळवायला टपलेले. गुढीची आठवण व्हावी असं रूप, पण नातं जोडायचा मोह मी आवरला. उंच काठीला सुंदर काही बांधावंसं वाटणं ही काही एकाच घराण्याची मिरास नाही.

सूर्याला निरोप द्यायला लोक टेकडीवर चढले. रोमुवाची मंडळी, वीस-पंचवीस बायका-पुरुष, पश्चिमेकडे तोंड करून गायला लागली. सुतार्तिने नावाचा प्रकार. दोन-तीन ओळी एकमेकींवर अशा चढतात की सूर लागून-लागून घासतात. पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी बेसूर झालंय. मग कळलं, तो घासणारा सूरच त्यांना हवा आहे. जात्यावर दोघी बसल्या की एकीची ओवी संपायच्या आत दुसरीची सुरू होते, त्या आवाजाच्या जवळ जाणारं काहीतरी.

दगडी आउकुरासवर, म्हणजे वेदीवर, अग्नी पेटवला. गाबिया तिचं नाव, अग्नी इथे बाई आहे. तिला मीठ, भाकरी, धान्य, वनस्पती. बिअरचा पहिला घोट झेमिनाला, धरणीला, जमिनीवर ओतायचा. पोनियांनी माझ्या हातावर चिमूटभर मीठ ठेवलं. आगीत टाकल्यावर ते तडतडलं. आमच्या आजीने दृष्ट काढून चुलीत टाकलेल्या मीठ-मोहऱ्यांचा आवाज, अगदी तोच. माझ्या शेजारी उभा असलेला विशीतला मुलगा फोन खिशात घालून डोळे मिटून उभा होता. त्याच्या टीशर्टवर कुठल्याशा मेटल बँडचं नाव.

मी पोनियांना विचारलंच, "हे सगळं किती जुनं, आणि किती १९६७ चं?"

"गाणी जुनी. गाणाऱ्या आज्यांकडून घेतली. क्रम आम्ही लावला. काही पुस्तकातून, काही अंदाजाने." मग थांबून, "तुमच्याकडे कुणी लावत नाही?" मला टीव्हीवरच्या मंगळागौरी आठवल्या, नऊवारी भाड्याने आणून नेपथ्यासमोर घातलेली फुगडी. मी त्यांना नाकं मुरडते. पण त्यांच्यामुळे भाचीच्या पिढीला पिंगा येतो, हेही खरं.

अंधार असा झालाच नाही. अकरानंतर शेकोट्या पेटल्या, जोड्या हात धरून उड्या मारायला लागल्या. हात सुटला नाही तर संसार टिकतो. झाडावर चक्र फेकायचा खेळ असतो. पाठमोरं उभं राहून डोक्यावरून फेकायचं, जितक्यांदा खाली पडेल तितकी वर्षं लग्नाला. मी फेकलं. चारदा पडलं, पाचव्यांदा लिंडनच्या फांदीला अडकलं. "पासष्टाव्या वर्षी मुहूर्त!" भाची किंचाळली. पोनियांनी काठीने चक्र काढून दिलं आणि कानात काहीतरी सांगितलं. भाचीने भाषांतर करायला नकार दिला, पण 'रूता' हा शब्द मला कळला.

नदीवर मुली मेणबत्ती लावलेली चक्रं सोडत होत्या. ते मी उभ्या उभ्या पाहिलं, कारण मला रानात जायचं होतं.

गोष्ट अशी सांगतात. नेचं वर्षातून एकदाच, या रात्री, मध्यरात्री फुलतं. एकट्याने जायचं, रोवन झाडाच्या काठीने भोवती रिंगण आखायचं, लिननचं फडकं अंथरायचं, मेणबत्ती लावून बसायचं. चेटकिणी भिववतील, मागे बघायचं नाही. ज्याला फूल मिळेल त्याला गुप्त धन दिसतं, जनावरांची भाषा कळते. एक शेतकरी हरवलेले बैल शोधत रानातून जात असताना ते फूल त्याच्या चपलेत पडलं. त्याला कळलंसुद्धा नाही, पण एकदम सगळं माहीत झालं. बैल कुठे, धन कुठे, शेजारी काय बोलतोय. घरी आला, पायातलं काढलं, झटकलं. फूल गेलं, आणि सगळं विसरला.

नेच्याला फूल नाही, मग बी कुठून, हा प्रश्न माणसाला शतकानुशतकं छळत होता. बी आहे पण अदृश्य आहे, अशीही समजूत होती. हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५१ साली बीजाणूंपासून पुढच्या पिढीपर्यंतचं चक्र नीट मांडलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणजे या शेतकऱ्यांनी फूल रात्रीत दडवून ठेवलं त्यात वावगं काही नव्हतं. सगळ्या झाडांना येतं, हिलाच कसं नाही?

काठावरच्या झाडीत आम्ही तिघी शिरलो. टॉर्च घेऊन हिंडणाऱ्या जोड्या बऱ्याच होत्या, आणि त्यांना फूल सापडायची फारशी घाई दिसत नव्हती. 'नेच्याचं फूल शोधायला जाणं' याला इथे एक डोळा मिचकावून बोलायचा अर्थ आहे. भाचीने तो मला आधी सांगितला नव्हता.

ओलसर उतारावर ड्रायॉप्टेरिस नावाचं नेचं होतं. कमरेएवढं, टोपलीसारखं गोल उगवलेलं. मी वाकून एक पान उलटवलं. तेवढ्यात मागे आठेक वर्षांची मुलगी, वडिलांचा हात सोडून आलेली, डोक्यावरचं चक्र कानावर घसरलेलं. तिने शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, सापडलं का? मी टॉर्च पानाच्या पाठीवर धरला. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने टिकल्या, हिरवट पांढुरक्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या. प्रत्येक टिकलीवर पातळ झाकण, आत बीजाणू तयार होत असलेले. तिने बोट टेकवलं आणि मोठ्याने म्हणाली, "झ्येदास!"

लिथुआनियन भाषेत झ्येदास म्हणजे फूल, आणि झ्येदास म्हणजे अंगठीसुद्धा. तिला टिकल्यांची वाटोळी कडी दिसली की फूल दिसलं, मला सांगता येणार नाही. ती उड्या मारत वडिलांना ओढून घेऊन आली, त्यांनी वाकून बघितलं आणि गंभीरपणे मान डोलावली. मार्क कापायला माझ्याकडे लाल पेन नव्हतं.

२४ जून, परत काउनास

पावणेपाचच्या सुमाराला सूर्य आला. दहा-बारा अंशांची थंडी, बूट भिजून चिप्प, भाची माझ्या खांद्यावर झोपलेली. उरलेसुरले पाचशे-हजार लोक टेकडीवर उभे होते. बिअरवाले केव्हाच आडवे झाले होते. पुन्हा तेच घासणारे सूर, या वेळी पूर्वेकडे.

मग सगळे अनवाणी कुरणात. दवात तोंड धुतलं की वर्षभर कातडी तजेलदार राहते. याच दवावर पूर्वी गावं भांडत. चेटकीण पहाटे शेजाऱ्याच्या कुरणावरून फडकं ओढत नेते आणि दवाबरोबर त्याच्या गाईंचं दूध पळवते, अशी पक्की समजूत होती. पोनियांनी मूठभर दव माझ्या गालांना लावलं. ते इतकं गार होतं की रात्रभराची झोप उडाली, आणि हात पुढे केले तेव्हा मला माझी बोटं दिसली.

उजव्या तळहाताच्या कडेला आणि मनगटावर लाल पट्टे, त्यावर पाण्याचे फोड. भाची खडबडून जागी झाली, "हे काय गं? भाजलं कधी?" शेकोटीने नव्हे, सतापीने. तिच्या रसात सोरालेन जातीची द्रव्यं असतात. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की एक-दोन दिवसांनी फोड येतात. आपल्या बावचीतही तीच द्रव्यं, कोडावरच्या औषधात वापरतात. हे मी बारावीला शिकवत असे, आकृतीसह. पोनियांनी बघितलं आणि म्हणाल्या, "रूता सूड घेते. जास्त वर्षं पेरली."

२४ ला सार्वजनिक सुट्टी असते, आणि सरकारी यादीत तिचं नाव 'रासोस आणि योनिनेसचा दिवस' असं दोन्ही बाजू सांभाळणारं आहे. रस्ते रिकामे होते. नऊच्या सुमाराला पेट्रोलपंपावर कॉफीला थांबलो तेव्हा म्हापशाहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेअकरा वाजले होते, पाऊस धो धो, मागे पोरांचा गलका आणि घुमट या वाद्याचा आवाज. गोव्यात आज सांजांव. संत जॉनचाच दिवस, फुलापानांची कोपेलं डोक्यावर घालून पोरं दारोदार जाणार आणि विहिरीत उड्या मारणार. मी या बहिणीकडे कितीतरी जून काढलेत, पण कॉफीच्या कपाच्या काचेत स्वतःचं डोकं दिसेपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"अगं ताई," बहीण म्हणाली, "तुझ्या डोक्यावर कोपेल कुणी घातलं?"

पोनिया माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावल्या. पडद्यावर तीन-चार ओलेचिंब पोरगे, डोक्यावर वेली आणि झेंडूंचं चक्र. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग भाचीला म्हणाल्या, विचार त्यांना, किती जातींच्या वनस्पती लागतात? नऊ की बारा?

भाचीने कोकणीत विचारलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मेळटा तें!" एकाने ओरडून सांगितलं, आणि गेली सगळी विहिरीकडे.